समीक्षकाची यादी हवी, समीक्षकांची नको

नोव्हेंबर सरायला लागला की वर्षातल्या सर्वोत्तम पन्नास अल्बमांच्या आणि शंभर गाण्यांच्या याद्या एकामागून एक यायला लागतात. मी त्या सगळ्या वाचतो. आधी वरचे दहा, मग आपलं लाडकं गाणं कितव्या नंबरावर आहे ते शोधत अगदी तळापर्यंत, आणि ते कुठेच नाही म्हटल्यावर पुन्हा वर, हे समीक्षक कोण टिकोजीराव लागून गेलेत ते पाहायला. तिथे बहुतेक वेळा कुणाचंच नाव नसतं. मासिकाचं नाव असतं, फार तर ‘आमच्या समीक्षकांनी निवडलेली’ एवढी एक ओळ. माझं भांडण त्या कोऱ्या जागेशी आहे.

या याद्यांवर चिडणारे दरवर्षी भरपूर भेटतात. कुणाला वाटतं, समीक्षकांना लोकांची नाडी कळत नाही. कुणी म्हणतं, हा सगळा सणासुदीच्या जाहिरातींचा खेळ आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण त्यामुळे याद्या निरुपयोगी ठरत नाहीत. लोकांची नाडी मोजायला विक्रीचे तक्ते आहेत, ते काम समीक्षकाने करायचं कारण नाही. आणि जाहिरातीच्या शेजारी छापलं म्हणून मत खोटं होत नाही. माझी तक्रार उलट बाजूची आहे. समीक्षकांच्या यादीत समीक्षक पुरेसा दिसत नाही. त्याचं मत बेरजेत घालून, घोटून, सपाट करून आपल्यापुढे ठेवलं जातं, आणि त्या घोटण्यात नेमकं तेच निघून जातं ज्यासाठी मी ते वाचायला घेतलं होतं.

बेरीज कशी होते ते पाहा. दहा समीक्षकांकडून दहा-दहा अल्बमांची यादी मागवली. पहिल्या क्रमांकाला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं उतरत दहाव्याला एक. आता एक अल्बम असा आहे की तो दहाही जणांनी सातव्या क्रमांकावर टाकला. प्रत्येकाचे चार, एकूण चाळीस गुण. दुसरा अल्बम तिघांनी पहिला ठरवला आणि उरलेल्या सात जणांच्या यादीत तो नाहीच. त्याचे झाले तीस. म्हणजे ज्याच्यासाठी तिघं जण भांडायला उभे राहिले असते तो मागे पडला, आणि ज्याच्याबद्दल दहांतल्या एकानेही मित्राला रात्री उशिरा फोन केला नसता तो पुढे गेला. याला कट वगैरे काही लागत नाही. प्रत्येक समीक्षक प्रामाणिक असला तरी हिशेबाची रीतच अशी आहे की ती सातव्या क्रमांकाच्या आवडीला बक्षीस देते. वर्षाखेरीच्या याद्यांमधले पहिले पाच-सहा अल्बम सगळीकडे तेच ते का असतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं असं की ज्याने जे ऐकलं त्यालाच तो मत देणार. सगळ्यांनी ऐकलेले अल्बम थोडे, आणि ते कोणते हे बरंचसं मोठ्या कंपन्यांच्या प्रसिद्धीखात्यांवर ठरतं. एखाद्याने कोपऱ्यात सापडलेलं रत्न यादीत टाकलं तरी त्याला दुसरं मत मिळायचं कुठून?

हे सगळं न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाला फार पूर्वी कळलं होतं. त्यांनी १९७१ साली समीक्षकांचा एक कौल घेतला, त्याला ‘पॅझ अँड जॉप’ असं गमतीदार नाव दिलं, आणि १९७४ पासून तो दरवर्षी होऊ लागला. त्यामागे डोकं होतं रॉबर्ट ख्रिस्टगाउ या समीक्षकाचं. नियम साधा होता. प्रत्येकाजवळ शंभर गुण, ते दहा अल्बमांत वाटायचे, एका अल्बमाला जास्तीत जास्त तीस आणि कमीत कमी पाच. वरचंच उदाहरण या नियमाने करून पाहा. त्या तिघांनी आपल्या लाडक्याला तीस-तीस दिले तर झाले नव्वद, आणि सगळ्यांच्या सातव्याला प्रत्येकी सात धरले तरी सत्तरच. क्रम उलटला. एवढ्याशा नियमाने ‘बरा आहे’ आणि ‘याच्यावाचून माझं वर्ष गेलं नसतं’ यांतला फरक मोजता आला.

पण त्याहून मोठी गोष्ट अशी की व्हॉइस नुसती बेरीज छापून थांबत नसे. अनेक समीक्षकांनी कुणाला किती गुण दिले हे नावानिशी वाचता यायचं. मत पाठवताना समीक्षकांनी लिहिलेले शेरे, चिमटे, तक्रारी यांनाही जागा मिळायची. ख्रिस्टगाउ निकालावर लांबलचक निबंध लिहायचा, त्यात निकालाशी वाद घालायचा, आणि आपली स्वतःची यादी वेगळी छापायचा. कौल घेणाराच म्हणतोय की कौल मला पटलेला नाही! वाचकाच्या हातात जे पडायचं ते एका मोठ्या भांडणाचं इतिवृत्त होतं. २०१८ साली ते साप्ताहिक बंद पडलं आणि त्या वर्षाचा कौल शेवटचा ठरला. आज बहुतेक ठिकाणी बेरीज शिल्लक आहे, इतिवृत्त गेलं.

इथे कुणी म्हणेल, क्रमांक कळला, अल्बम कळला, ऐकून बघायचा, मतदाराचं नाव घेऊन काय करायचंय? याचं उत्तर मी एका गाण्याने देतो. अमेरिकन गायक प्रिन्सचं ‘व्हेन डव्हज क्राय’ १९८४ साली अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या वर्षभराच्या तक्त्यात पहिलं होतं, आणि व्हॉइसच्या कौलात गाण्यांमध्येही पहिलं होतं. जनता आणि जाणकार यांचं असं एकमत क्वचित होतं, आणि मीही त्या एकमतात खुशीने सामील आहे. पण ते पहिलं आलं या माहितीने मला त्या गाण्यातलं काहीएक ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते कुठल्याशा लेखात वाचलेल्या एका निरीक्षणाने: या गाण्यात बेस नाही. नाचायचं गाणं, तालयंत्र खणखणीत चाललंय, वर कीबोर्डची ती फिरून फिरून येणारी लकेर, सुरुवातीला गिटारचा थयथयाट, आणि ज्याच्यावर पाय ठेवून नाचायचं ती खालची पट्टीच काढून घेतलेली. प्रिन्सने बेस वाजवून ध्वनिमुद्रित केला होता आणि मग तो पुसून टाकला. हे कळल्यावर गाणं पुन्हा लावलं तर आवाज तोच, पण त्याच्या तळाशी एक पोकळी ऐकू येते, आणि घरात आईबापांच्या भांडणाचा वारसा सांगणाऱ्या त्या शब्दांना ती पोकळी काय करते तेही ऐकू येतं. पुढे दुसरी गाणी ऐकताना कान आपोआप खाली काय चाललंय तिकडे जायला लागतो. मला समीक्षकाकडून हे हवं असतं. क्रमांक हा फक्त ‘इकडे बघ’ म्हणून केलेला इशारा. इशारा करणाऱ्याने पुढे तोंडच उघडलं नाही तर त्या बोटाचं करायचं काय?

आणि असं निरीक्षण एका माणसाचं असतं. पन्नास जणांच्या बेरजेतून ते निघत नाही. समितीत बसलेल्या माणसाला ‘हे उत्तम आहे’ म्हणता येतं, कारण उत्तमपणाची कारणं सगळ्यांना मान्य होतील अशी मांडता येतात: ध्वनिमुद्रण सफाईदार आहे, विषय काळाचा आहे, आधीच्या अल्बमापेक्षा पाऊल पुढे आहे. ‘हे माझं आवडतं आहे, का ते नीट सांगता येत नाही, पण तिसऱ्या कडव्याआधी तो जो श्वास घेतो तिथे मी दरवेळी थांबतो’ असं समितीत म्हणता येत नाही. एकट्याच्या यादीत येतं. चाहत्याला कळते ती हीच भाषा, कारण आपणही गाण्यांवर असंच प्रेम करतो, आधी आवडतं आणि कारणं मागाहून शोधतो.

(गाण्यांच्या बाबतीत व्हॉइसनेही हे ओळखलं असावं. १९७९ पासून ते गाण्यांसाठीही मत मागू लागले, पण त्यात गुण नव्हते. दहा गाणी लिहा, संपलं. अल्बमाची तोलूनमापून चर्चा करता येते. गाणं आवडतं किंवा नाही आवडत. मला हे शहाणपणाचं वाटतं.)

अलीकडे एक वेगळाच प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे. स्पॉटिफायने २०१६ पासून ‘रॅप्ड’ नावाने प्रत्येक श्रोत्याला त्याच्या वर्षाचा हिशेब द्यायला सुरुवात केली. तुम्ही कोणतं गाणं किती वेळा ऐकलंत, कोणता कलाकार तुमचा पहिला. चकचकीत रंगांत, मित्रांना दाखवता येईल असं. अनेकांचं म्हणणं आता असं की समीक्षक हवेत कशाला, माझी यादी माझ्या ऐकण्यातूनच तयार होते आणि ती खोटं बोलत नाही. खोटं बोलत नाही हे खरंच. पण तीस सेकंद वाजलं की तिथे गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. कामाच्या मागे चालू राहिलेलं, लहान मूल झोपावं म्हणून रात्रभर फिरत राहिलेलं, पुढचं गाणं आपोआप लागलं आणि उठून बदलायचा कंटाळा केला ते, सगळं एकाच मापाने. उलट काही गाणी मी जपून वापरतो. वर्षातून मोजक्या वेळी, अंधार करून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ती झिजू नयेत असं वाटतं. त्या हिशेबात ती कधीच वर येणार नाहीत. आवड आणि वारंवारता यांची सांगड घालणारं यंत्र अजून निघायचंय.

बरं, ते यंत्र उद्या निघालं तरी माझी अडचण सुटत नाही. तो हिशेब मला माझ्याचबद्दल सांगतो. मी काय ऐकलं हे मला ठाऊक आहे, मी तिथेच होतो. मला जे ठाऊक नाही ते दुसऱ्याच्या कानात आहे.

श्रोत्यांच्या मतांवर चालणाऱ्या याद्यांचा इतिहास याच कारणासाठी बघण्यासारखा आहे. बीबीसीच्या रेडिओ वनवर निवेदक जॉन पील यांनी १९७६ साली ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ सुरू केली. श्रोत्यांनी आवडती गाणी कळवायची, कोणत्याही काळातली. पहिलं आलं ‘स्टेअरवे टू हेवन’, म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं गाणं. ऑस्ट्रेलियात ‘ट्रिपल जे’ या रेडिओने १९८९ साली अशीच ‘हॉटेस्ट हंड्रेड’ सुरू केली. त्या वर्षी जॉय डिव्हिजन या बँडचं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ पहिलं, पुढच्या वर्षीही तेच. गाणं १९८० सालचं. गाणं मोठं आहे यात वाद नाही, पण यादी गोठून बसते. लोक दरवर्षी त्याच देवाला तेच नारळ फोडतात. शेवटी दोन्हीकडे नियम बदलावा लागला. पील यांनी १९८२ मध्ये फक्त त्या वर्षीच्या गाण्यांची यादी आणली, ट्रिपल जेने १९९३ मध्ये. नियम बदलल्यावर ऑस्ट्रेलियात पहिलं काय आलं? डेनिस लिअरी या विनोदी कलाकाराचं एक शिवराळ विडंबनगीत. हसू येतं खरं, पण गोठलेल्या यादीपेक्षा ही फजिती मला पत्करली. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’नेही, फार काळ मुक्काम ठोकलेल्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून मानाने बाजूला काढायची सोय केली होती. लोकप्रियता मोकळी सोडली तर ती खुर्ची सोडत नाही, हे अमीन सयानींच्या त्या कार्यक्रमाला पुरतं ठाऊक होतं. शिवाय त्या कार्यक्रमाने आपण लोकप्रियता मोजतो आहोत हे कधी लपवलं नाही, ‘सर्वोत्तम’ असा आव आणला नाही. तो प्रामाणिकपणा आजच्या पुष्कळ याद्यांना उसना घेता येईल.

पीलच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा तुकडा १९७७ सालचा आहे. त्या वर्षी श्रोत्यांची मतं घेतलीच नाहीत. पील यांनी स्वतःच यादी केली, आणि नाव ‘फिफ्टी’ असूनही तिच्यात एकसष्ट गाणी बसवली. पहिलं होतं ‘द मोटर्स’ या मंडळींचं ‘डान्सिंग द नाइट अवे’. पंक या बंडखोर रॉकच्या त्या धुमाळीच्या वर्षात कुठल्याही कौलातून हे गाणं पहिलं येणं कठीण होतं. एका माणसाच्या यादीतच ते शक्य होतं. ते गाणं इतिहासाने डोक्यावर घेतलं नाही, मग यादी चुकली का? मला तसं वाटत नाही. त्या यादीतून पील नावाचा माणूस त्या वर्षी काय ऐकत होता हे आजही कळतं.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. एकट्या समीक्षकाला खोडी असतात, पूर्वग्रह असतात, त्याला हिपहॉप कळत नाही किंवा त्याला प्रत्येक गिटारवाला म्हातारा थोर वाटतो. पुष्कळांची मतं एकत्र केली की या खोडी एकमेकींना खाऊन टाकतात, उरतं ते शुद्ध मत. हे खरं ठरतं, पण खोडी वेगवेगळ्या असतील तरच. सगळ्यांची खोड एकच असेल तर बेरजेने ती वाढते, आणि वर तिला वस्तुनिष्ठतेचा शिक्का मिळतो. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची सर्वकालीन पाचशे अल्बमांची यादी घ्या. २००३ साली पहिला होता बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’. २०२० साली नव्याने मतं घेतली, मतदारांचं वर्तुळ मोठं आणि वेगळं केलं, तर पहिला आला मार्व्हिन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आणि ‘सार्जंट पेपर’ चोविसाव्या क्रमांकावर गेला. दोन्ही अल्बम २००३ च्या आधी कितीतरी वर्षं बाजारात होते, मधल्या काळात त्यांतली एक मात्राही बदलली नाही. बदलले ते मतदार. मला नवी यादी जास्त बरी वाटते. पण दोन्ही वेळा ‘सर्वकालीन’ हाच शब्द होता, आणि दोन्ही वेळा तो पूर्ण आत्मविश्वासाने छापला होता. एखाद्या समीक्षकाने नावानिशी लिहिलं असतं की मी तेव्हा हा पहिला म्हणालो होतो, आज तो म्हणतो, आणि मधल्या सतरा वर्षांत माझ्या कानांना काय झालं ते ऐका, तर ते मी दोनदा वाचलं असतं.

पूर्वग्रह असलेला समीक्षक मला चालतो, अट एवढीच की तो मला ओळखीचा असावा. दोन-तीन समीक्षक मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. त्यांतल्या एकाशी माझं जवळपास कधीच पटत नाही. त्याने ‘रटाळ आणि भावविवश’ म्हटलं की मी आधी ते लावतो, आणि फार करून ते मला आवडतंच. इतका भरवशाचा मार्गदर्शक दुसरा नाही. निनावी यादीशी असं नातं जुळू शकत नाही. तिच्याशी मतभेदही धड करता येत नाही, कारण पलीकडे कुणी नसतंच.

एकत्रित याद्या पार बंद कराव्यात असं माझं म्हणणं नाही. वर्षभर ज्याला काही ऐकायला फुरसत झाली नाही त्याला वीस नावं एका जागी मिळतात, आणि तीस वर्षांनी कुणी अभ्यास करायला बसलं तर त्या वर्षी जाणकारांच्या वर्तुळात कशाची चर्चा होती ते सापडतं. फक्त त्या बेरजेखाली प्रत्येकाची मूळ यादी नावानिशी असावी, आणि पहिल्या तिघांबद्दल तरी दोन-दोन ओळी ज्याच्या त्याच्या शब्दांत. कागदाची अडचण होती तेव्हाही व्हॉइसला यातलं बरंच जमलं. आता तर जागेला तोटाच नाही.

आणि तारीख बदलावी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी छापायची म्हणजे मतं नोव्हेंबरात घ्यायची, म्हणजे वर्षाचा शेवटचा महिना वर्षात धरायचाच नाही. बियॉन्सेने २०१३ साली १३ डिसेंबरला, कुणालाही आधी पत्ता लागू न देता, तिच्याच नावाचा अल्बम बाहेर काढला, तेव्हा बहुतेकांच्या याद्या छापून झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी डिसेंबरच्या मध्यावर डी’अँजेलोचा ‘ब्लॅक मसाया’ आला, त्याच्याही आधी सगळ्यांनी दुकानं आवरली होती. द क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९ मध्ये निघाला आणि अमेरिकेत पुढच्या जानेवारीत, म्हणून व्हॉइसच्या कौलात तो १९८० चा सर्वोत्तम ठरला, आणि ‘रोलिंग स्टोन’ने पुढे त्याला ऐंशीच्या दशकातला पहिला अल्बम म्हटलं. वर्ष ही रेघ आपणच ओढलेली आहे, तेव्हा ती दोन महिने पुढे सरकवली तर काही बिघडत नाही. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, ते एका मालिकेत वाजल्यामुळे २०२२ साली पहिलं झालं. त्या वर्षी ते प्रथमच ऐकलेल्या मुलाला सांगा की हे तुझ्या वर्षाचं गाणं नव्हे!

संपादक म्हणतील, फेब्रुवारीत कोण वाचणार, लोक तर डिसेंबरात याद्या शोधतात. व्हॉइसचा कौल जानेवारीत किंवा त्याच्याही नंतर यायचा. बाकीच्यांच्या याद्या तोवर शिळ्या झालेल्या असायच्या, तरी लोक त्याची वाट बघायचे. ‘ब्लॅक मसाया’ २०१४ च्या त्याच कौलात पहिला आला.